एक कोटी पावलं, वजा एक दिवस

एक कोडं घालते. सोडवा.

एक बाई होत्या. त्यांच्या आयुष्यातला एक दिवस उगवलाच नाही. आजारी नव्हत्या, बेशुद्ध पडल्या नव्हत्या, दिवसभर झोपूनही राहिल्या नव्हत्या. चांगल्या धडधाकट, जहाजावर होत्या. पण रात्री झोपताना जी तारीख होती तिच्या पुढची तारीख सकाळी आलीच नाही, आली ती थेट तिच्याही पुढची. मधला अख्खा दिवस, सकाळच्या आंघोळीपासून रात्रीच्या जेवणापर्यंत, गायब. आणि तो त्यांना पुढे कधी परतही मिळाला नाही.

कुणी चोरला?

उत्तर लगेच देणार नाही. पुढची पानं उलटून बघायची नाहीत! आधी बाईंची ओळख करून घेऊ, कारण त्या आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या. मी शिरूरची. जुनी माणसं आमच्या गावाला अजून घोडनदी म्हणतात. इथून न्हावऱ्यावरून खाली निघालं की पारगावजवळ भीमेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. हंगाम असेल तर उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडायचं, गुऱ्हाळाचा गोड धूर नाकात भरून घ्यायचा, आणि मग येतं केडगाव. रेल्वेस्टेशन असलेलं, पुणे-दौंड मार्गावरचं. या केडगावात ‘मुक्ती’ नावाची एक मोठी जुनी संस्था आहे. ती ज्यांनी उभी केली त्या पंडिता रमाबाई, आपल्या कोड्यातल्या बाई.

पण त्या जन्मल्या केडगावात नाहीत. पुण्यातही नाहीत. कुठल्या गावातच नाहीत म्हणा ना.

एप्रिल १८५८. त्या वर्षी आपल्या भागात एक नवाच प्राणी धावायला लागला होता, आगगाडी. पुण्याहून निघून दौंडवरून पार दिक्साळपर्यंत रूळ पडले ते १८५८ मध्येच. आणि त्याच वर्षी, तिकडे खूप खाली कर्नाटकात, सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या दाट रानात एक मुलगी जन्मली. (लहानपणी तिला ‘रमा’ आणि ‘ती’ म्हणू. मोठी झाली की ‘रमाबाई’ आणि ‘त्या’.) वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी त्या काळी एक भलताच गुन्हा केला होता: बायकोला, म्हणजे रमाच्या आईला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं होतं. लोकांची बोलणी नकोत म्हणून त्यांनी रानातच बिऱ्हाड थाटलं.

गंगामूळ म्हणजे तुंगा आणि भद्रा या नद्यांचं उगमस्थान. तिथे पाऊस असा कोसळतो की आपल्या शिरूर-दौंडच्या पावसाच्या दहापट सहज भरेल. आपल्याकडे ढग येतात ते सह्याद्रीवर रिकामे होऊन, हात हलवत. पाऊस मोजायला गेलं तर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आता नकाशा काढा आणि बोटानं नद्या गिरवा. तुंगा-भद्रा एक होऊन पुढे कृष्णेला मिळतात. आपली भीमा पंढरपूरवरून खाली जाऊन रायचूरच्या बाजूला कृष्णेलाच मिळते. म्हणजे रमा जिथे जन्मली तिथला पावसाचा थेंब आणि रमाबाई जिथे शेवटी राहिल्या तिथला थेंब, दोघं शेकडो किलोमीटर वाहून एकाच कृष्णेत शिरतात. मी हे नकाशावर पहिल्यांदा गिरवलं तेव्हा बोट कृष्णेवर तसंच ठेवून बसले होते.

रमा मात्र नदीसारखी सरळ उतरली नाही. सहा महिन्यांची असताना तिला वेताच्या मोठ्या पेटाऱ्यात घालून डोंगराखाली आणलं. तिथून जी यात्रा सुरू झाली ती वीस वर्षं थांबली नाही. आई-वडील, मोठी बहीण, भाऊ श्रीनिवास आणि रमा, गावोगाव चालत. देवळात बसून वडील पुराण सांगायचे, लोक तांदूळ-पैसे देतील त्यावर पोट भरायचं. चार-आठ दिवस झाले की पुढचं गाव.

शाळा? शाळा म्हणजे आई. रमा आठ वर्षांची झाल्यापासून पंधरा वर्षांची होईपर्यंत आईनंच शिकवलं. भल्या पहाटे, पाखरं जागी व्हायच्या वेळेला, आई उठवायची आणि श्लोक सुरू. पुस्तक हातात नाही, वही नाही. रमाला लहान वयातच अठरा हजार श्लोक पाठ होते, असं तिची चरित्रं सांगतात. अनुष्टुभ छंदाच्या हिशेबानं एका श्लोकात ३२ अक्षरं धरली, तर १८,००० गुणिले ३२ म्हणजे ५ लाख ७६ हजार अक्षरं. डोक्यात! आणि तुम्ही पंधरा ओळींच्या कवितेला कंटाळता.

यात एक युक्ती आहे. श्लोकाला चाल असते. एखादं अक्षर गळलं की चाल अडखळते, बैलगाडीचं चाक खड्ड्यात गेल्यासारखी. म्हणणाऱ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी सांडलंय. आजचे संगणक एकमेकांना माहिती पाठवतात तेव्हा मुद्दाम काही जास्तीचे अंक जोडून पाठवतात, वाटेत काही बिघडलं तर पकडता यावं म्हणून. हजारो वर्षं तेच काम आपल्याकडे छंद करत आला आहे, वीज न वापरता.

मग दुष्काळ आला. १८७४ च्या सुमाराला काही महिन्यांच्या अंतरानं वडील गेले, आई गेली. पुढे थोरली बहीणही गेली. उरले दोघं. रमा सोळा-सतरा वर्षांची आणि तिचा भाऊ. दोघं चालतच राहिले, दक्षिणेकडून उत्तरेला थेट काश्मीरपर्यंत, मग पूर्वेला. रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय की आम्ही चार हजार मैलांहून जास्त पायी चाललो.

चार हजार मैल हा आकडा वाचून डोळे पुढे सरकतात, पायांना काही कळत नाही. म्हणून आम्ही वर्गात पावलं मोजली. अंगणात खडूची रेघ मारा, नेहमीसारखं चाला, दहा पावलांवर दुसरी रेघ मारा आणि अंतराला दहानं भागा. माझं पाऊल भरलं ६४ सेंटिमीटर. चार हजार मैल म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर. त्याचे सेंटिमीटर केले तर ६४ कोटी. ६४ कोटी भागिले ६४, उत्तर तोंडीच येतं.

एक कोटी पावलं.

वर्गातली एक मुलगी वाडीवरून चालत येते. तिनं मोजलं: शाळेपर्यंत दोन हजार पावलं. जाऊन-येऊन चार हजार. वर्षाला शाळा भरते २२० दिवस धरले तर वर्षाची झाली आठ लाख ऐंशी हजार. एक कोटी व्हायला तिला अकरा वर्षांहून जास्त लागतील. तिनं हिशेब फळ्यावर मांडला आणि म्हणाली, “बाई, म्हणजे माझे सातवीपर्यंतचे पाय अजून अर्ध्या वाटेवर आहेत.” अर्ध्याहून थोडे पुढे, खरं तर.

आणि ६,४०० किलोमीटर हे अंतर आणखी कशाचं आहे माहीत आहे? आपल्या पायाखाली सरळ खोल विहीर खणत गेलो, मुरूम फोडून, काळा पाषाण फोडून, वितळलेलं लोखंड ओलांडून थेट पृथ्वीच्या मध्यापर्यंत, तर ती खोली होईल ६,३७१ किलोमीटर. रमा आणि श्रीनिवास पृथ्वीच्या केंद्रापर्यंत जाण्याएवढं चालले. आडवे.

या चालण्यातली एक रात्र मला फार आवडते. आवडते म्हणणं बरोबर नाही खरं तर, कारण त्या रात्री दोघं मरायलाच टेकले होते.

जागा पंजाबातली, झेलम नदीचा काठ. थंडी कडाक्याची. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही, निवारा नाही. दोघांनी काय केलं? नदीकाठच्या वाळूत हातांनी दोन लांबट खड्डे केले, थडग्यासारखे. त्यांत आडवे झाले आणि कोरडी वाळू अंगावर ओढून घेतली. डोकं तेवढं बाहेर.

वाळूनं थंडी वाजायची थांबते? उलट वाळू तर रात्री गार पडते!

वरची गार पडते. आत नाही. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारठा, दोन्ही जमिनीत फार खोल शिरू शकत नाहीत. हातभर खाली गेलात की तिथे दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ पोचतच नाही, म्हणून बाहेर कडाका असताना आत ऊब टिकून असते. आणि कोरड्या वाळूत नुसती वाळू नसते, कणाकणांच्या मधे हवा अडकलेली असते. अडकलेली हवा उष्णता सहजासहजी पुढे जाऊ देत नाही. आजीची गोधडी ऊब देते ती चिंध्यांमुळे नव्हे, चिंध्यांच्या थरांमधे कोंडलेल्या हवेमुळे. बहीण-भावानं नदीकाठी वाळूची गोधडी पांघरली होती.

पण ‘कोरडी’ हा शब्द सोडू नका. वाळू ओली असती तर हवेच्या जागी पाणी असतं, आणि पाणी उष्णता भराभर पळवतं. घरी करून बघा. बांधकामाची वाळू दोन घमेल्यांत घ्या, एकातली पाणी शिंपडून चांगली भिजवा आणि तासभर सावलीत ठेवा. मग दोन सारख्या स्टीलच्या पेल्यांत सारखंच गरम पाणी ओता (मोठ्यांकडून ओतून घ्या), वर झाकण ठेवा, आणि एक पेला कोरड्या वाळूत, एक ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरा. पाव तासानं बोट बुडवून बघा. फरक सांगायला थर्मामीटर लागणार नाही. पूर्वी हा प्रयोग आम्ही घोडनदीच्या पात्रात करायचो. आता पात्रात पेला पुरण्यापुरती तरी वाळू सापडेल का, मला शंका आहे. ती सगळी रात्रीच्या ट्रकांतून कुठल्या तरी इमारतीत गेली. आणि हो, पेला पुरा, स्वतःला पुरून घेऊ नका. वाळू ढासळते आणि छातीवर बसली की श्वास घेता येत नाही.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची, उन्हानं रापलेली, पायाला घट्टे पडलेली ही मुलगी मोठमोठ्या शास्त्र्यांसमोर उभी राहिली आणि घडाघडा संस्कृत बोलायला लागली. शास्त्री थक्क. त्यांनी तिला दोन पदव्या दिल्या, ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’. आजपासून आपणही ‘त्या’ म्हणू.

पुढची चार वर्षं भराभर सांगते, कारण ती त्यांच्यावर भराभरच कोसळली. भाऊ वारला. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं, १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. १८८२ मध्ये कॉलऱ्यानं बिपिनबाबू गेले. चोवीस वर्षांच्या रमाबाई कडेवर मुलगी घेऊन पुण्याला आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेच्या जहाजाचं तिकीट काढलं! १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या निघाल्या. इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, त्यावरून पुण्यात केवढं तरी वादळ उठलं. तिथल्या चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्या, आणि संस्कृत शिकवलंही.

मग अमेरिका. कशासाठी माहीत आहे? एका पदवीदान समारंभासाठी. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तेव्हा टाळ्या वाजवायला रमाबाई समुद्र ओलांडून गेल्या. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्याच. समारंभ आटोपला तरी रमाबाई परतल्या नाहीत. जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत गावोगाव फिरून व्याख्यानं देत राहिल्या. वडील देवळात पुराण सांगत फिरायचे, लेक सभागृहांत बोलत फिरली. भारतातल्या विधवा मुलींसाठी शाळा काढायची होती, तिच्यासाठी पैसे जमवायचे होते. १८८८ च्या अखेरीला त्या अमेरिकेच्या पश्चिम टोकाला, सॅन फ्रान्सिस्कोला जहाजात बसल्या. जपान, हाँगकाँग, कलकत्ता असं करत १८८९ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरल्या.

थांबा. पृथ्वीचा गोल आणा. शाळेत कपाटावर धूळ खात असेल तो.

मुंबईवर बोट ठेवा. डावीकडे, म्हणजे पश्चिमेला, इंग्लंड. आणखी पश्चिमेला फिलाडेल्फिया. आणखी पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को. आणखी पश्चिमेला जपान. मग कलकत्ता, मग मुंबई. बोट एकदाही मागे फिरलं नाही. रमाबाईंनी पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि ती सूर्य जातो त्याच दिशेनं.

आता चोर सापडतो की नाही बघा.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. तुम्ही एक अंश पश्चिमेला सरकलात की सूर्य तुमच्याकडे ४ मिनिटं उशिरा उगवतो. म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या जहाजावर घड्याळ रोज थोडं थोडं मागे करतात. रोजचा दिवस २४ तासांहून किंचित लांब. कुणाला जाणवतही नाही. मुंबई ग्रीनिचपासून सुमारे ७३ अंशांवर. ७३ चोक २९२ मिनिटं, म्हणजे इंग्लंडपर्यंत जाताना पाच तासांना आठ मिनिटं कमी एवढं घड्याळ मागे गेलं. फिलाडेल्फिया ग्रीनिचच्या पलीकडे ७५ अंशांवर, म्हणजे आणखी पाच तास. सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत सगळे मिळून तेरा तास. उरलेली १६५ अंशांची वाट ओलांडून मुंबईला परत येईपर्यंत आणखी अकरा तास. तेरा आणि अकरा?

चोवीस! एक पुरा दिवस.

तर दिवस कुणी एका रात्रीत चोरला नाही. सहा वर्षं, जहाजात आणि आगगाडीत, चार चार मिनिटांचे तुकडे करून तो रमाबाईंनी स्वतःच खर्च केला होता. लांबलेल्या दिवसांत तो आधीच जगून झाला होता. फक्त हिशेब एका ठिकाणी चुकता करावा लागतो, आणि ती जागा म्हणजे प्रशांत महासागराच्या मधोमध आखलेली वाररेषा. पश्चिमेला जाताना ती ओलांडली की कॅलेंडरचं एक पान न वापरताच फाडायचं. सोमवारनंतर थेट बुधवार. पान फाडलं नसतं, तर रमाबाई मुंबईला उतरल्या त्या दिवशी त्यांची तारीख धक्क्यावरच्या हमालांपेक्षा एक दिवस मागे राहिली असती. सहा वर्षांत त्यांनी पुण्यातल्या माणसांपेक्षा एक सूर्योदय कमी पाहिला होता.

(वेळेचा गोंधळ तेव्हा घरातही होताच. मुंबईचं घड्याळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं, रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर, तो आकडा ५ तास २१ मिनिटं. साडेपाच तासांची आपली आजची भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली. तोपर्यंत गाडी चुकायला चांगलं कारण होतं.)

मुंबईत उतरल्यावर रमाबाईंनी उसंत घेतली नाही. ११ मार्च १८८९ ला ‘शारदा सदन’ सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथल्या पहिल्या मुलींमधल्या एक गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे.

आणि केडगाव? रमाबाईंनी तिथे शंभरेक एकर माळ घेतला होता. फळझाडं लावू, त्यांच्या उत्पन्नावर शाळा चालवू असा बेत. पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळात आई-वडील गमावलेली बाई घरी कशी बसेल? त्या तिकडे गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ. मुलींना शहरात ठेवता येईना. मग चला केडगावला, माळावर! मांडव घातले, विहिरी खणल्या. १९०० साली दुसरा दुष्काळ ओसरेपर्यंत तिथे दीड हजारांवर माणसं आणि शंभरावर गुरं झाली होती.

हे दुष्काळ कुठून आले, ते ऐकाल तर चमकाल. प्रशांत महासागरातून. जिथे रमाबाईंचा दिवस हरवला होता तिथूनच! एरवी तिथले वारे गरम पाणी ढकलून इंडोनेशियाच्या बाजूला साठवतात. काही वर्षी वारे मंदावतात, गरम पाणी परत दक्षिण अमेरिकेकडे पसरतं, ढगांची जागा बदलते आणि पुष्कळदा आपला मोसमी पाऊस रुसतो. याला एल निन्यो म्हणतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ही दोन्ही त्यातलीच वर्षं. रमाबाईंच्या जहाजातल्या कुणालाही हे ठाऊक नव्हतं. गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती १९०४ मध्ये भारताच्या हवामान खात्यात आले आणि दूरदूरच्या वेधशाळांच्या नोंदी जुळवत बसले, तेव्हा कुठे या कोड्याचं पहिलं टोक हाती आलं.

माळावर मुली काय करायच्या? विणायच्या, तेल गाळायच्या, गाई सांभाळायच्या, शेती करायच्या. मनोरमा मोठी होऊन आईच्या मदतीला आली, तिनं अंध मुलींना ब्रेल शिकवलं. सहा टिंबं, वर किंवा सपाट, एवढ्यातून ६३ वेगवेगळ्या खुणा होतात, कशा ते कागदावर करून बघा. पण मला सगळ्यात नवल वाटतं ते छापखान्याचं. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर करायला घेतलं, तेही इंग्रजीवरून नाही, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. त्यासाठी त्या या भाषा शिकल्या. कन्नड, हिंदी आणि बंगाली त्यांच्या पायांनी वाटेतच गोळा केल्या होत्या. आणि हे पुस्तक छापायला खिळे जुळवले केडगावच्या मुलींनी.

खिळा म्हणजे शिशाचा छोटा ठोकळा, टोकावर एक अक्षर. ते अक्षर असतं उलटं, आरशातल्यासारखं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. ‘क’ वेगळा, काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा, अर्धा ‘क’ आणखी वेगळा. असे शेकडो खिळे आपापल्या खणांत. जुळारी मुलगी पट्टीत एकेक खिळा बसवत जाणार आणि ओळ पाठमोरी वाचणार. कालपरवापर्यंत जिला सुलटं अक्षर येत नव्हतं ती आता उलटं वाचतेय, बोटांना शाई, ओळीत एक वेलांटी चुकली की चिमट्यानं उपसून पुन्हा. तुमचं नाव आरशात दिसतं तसं लिहून बघा. मग एक पान लिहून बघा. त्यांनी अख्खं बायबल जुळवलं.

५ एप्रिल १९२२ ला रमाबाई केडगावलाच गेल्या. मनोरमा त्यांच्या आधीच्या वर्षी गेली होती.

गोष्ट इथे संपायला हवी. पण या बाई चालायच्या थांबतात होय!

मे १९८९ मध्ये, म्हणजे शारदा सदन सुरू झालं त्याला शंभर वर्षं झाली होती, तेव्हा अमेरिकेनं मॅगेलन नावाचं यान शुक्राकडे पाठवलं. पहाटे दारं धरायला जाणारे शेतकरी जिला बघून वेळ ओळखतात ती शुक्राची चांदणी. शुक्रावर सल्फ्युरिक आम्लाच्या ढगांचं असं जाड पांघरूण आहे की दुर्बिणीतून जमीन दिसतच नाही. मॅगेलननं रडारच्या लहरी ढगांतून आरपार सोडल्या आणि जमिनीचा नकाशा केला. डोंगर दिसले, दऱ्या दिसल्या, उल्का आदळून झालेली सुमारे हजार विवरं दिसली. त्यांना नावं द्यायची होती. खगोलशास्त्रज्ञांचा नियम असा की शुक्रावरची नावं बायकांची. वीस किलोमीटरहून लहान विवर असेल तर कुठल्याही भाषेतलं मुलीचं साधं नाव चालतं. मोठं असेल तर नाव कर्तबगार बाईचंच. (एका डोंगराला मात्र मॅक्सवेल या पुरुष शास्त्रज्ञाचं नाव आहे. नियम व्हायच्या आधीच बसलेला, आता उठवणार कोण?)

त्या नकाशात एका विवराचं नाव आहे ‘जोशी’. आपल्या आनंदीबाई! आणि दुसऱ्या एका विवराचं नाव आहे ‘मेधावी’. रमाबाई मेधावी. तोंड सुमारे तीस किलोमीटर रुंद. आमच्या शेजारचं केडगाव आणि दौंड स्टेशन, मधल्या कडेठाण-पाटससकट, त्यात सहज मावतील.

आणि आता सांगते ती गंमत मला आमच्या वर्गानं शोधायला लावली. शुक्र स्वतःभोवती उलटा फिरतो. तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. शिवाय फिरतो इतका सावकाश की एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले ११७ दिवस जातात. विषुववृत्तावर सायकलवरून तासाला साडेतेरा किलोमीटरच्या वेगानं पूर्वेकडे जात राहिलात तर सूर्य तुमच्या डोक्यावरून हलणारच नाही.

हे ऐकून वाडीवरून येणारी ती मुलगी बराच वेळ गोलाकडे बघत होती. मग म्हणाली, “बाई, इथे त्या सूर्याच्या बरोबरीनं गेल्या म्हणून त्यांचा दिवस गेला ना? मग तिथे पश्चिमेला चालत सुटल्या तर सूर्याच्या उलट जातील. तिथे दिवस वाढेल.”

बरोबर आहे तिचं. शुक्राला पश्चिमेकडून एक फेरी घातली की एक दिवस जास्तीचा मिळतो, आणि तो तिथला दिवस, म्हणजे आपले ११७. हरवलेला दिवस सव्याज परत!

मग फळ्यावर पुन्हा हिशेब सुरू झाला. शुक्राचा घेर सुमारे ३८ हजार किलोमीटर. ६४ सेंटिमीटरला एक पाऊल. उत्तर आलं सहा कोटी पावलं, जेमतेम. जमीन मात्र तिथे ४६० अंशांपर्यंत तापलेली असते, तव्याहून गरम. शिसं वितळतं तिथे, केडगावचे सगळे खिळे पाणी होतील.

“चपला घालाव्या लागतील,” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.